झाड होतं तिथून

मानाग्वात घराला नंबर नसतो.
पत्ता सांगायचा तो असा:
जिथे छोटं झाड होतं तिथून
दोन चौक तळ्याकडे, मग एक चौक वर.
वर म्हणजे चढ नव्हे,
वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.
आणि झाड?
झाड कधीच गेलं.
पत्ता अजून त्याच्या सावलीत उभा.

याओस्का हे सगळं
रूट्सच्या फाइलीत बसवते आहे.
औषधं घरपोच देणारं दुकान,
रात्रीचे साडेअकरा,
टेबलफॅन मान फिरवताना एकाच जागी अडखळतो.
ती लिहिते
तिरकी रेघ, औषधे, तिरकी रेघ,
मग अपूर्णविराम आणि त्याला चिकटून एक शब्द.
अपूर्णविराम म्हणजे
कुणीतरी येणार आहे,
नाव कळलेलं नाही,
पाट मांडून ठेवा.

फ्रेमवर्क वरून खाली वाचत येतं,
पहिली ओळ जुळली की तिथेच बसतं.
पुढे याहून बरं काही असेल
असा विचार त्याला शिवत नाही.
परवा तिने ‘नवीन’चा रस्ता
चुकून त्या पाटाच्या खाली लिहिला,
आणि दिवसभर सर्व्हर
‘नवीन’ नावाची गोळी शोधत राहिला
सगळ्या कपाटांतून.
माहीत असलेले आधी, अनोळखी मागून,
आणि तो तारांकित, वाटेल ते गिळणारा,
त्याला अगदी शेवटी, उंबऱ्याबाहेर.
हे तिला पाठ आहे.
तरी हात चुकतो.

फोन वाजतो. दोन एलिओदोरो.
(दोन म्हणजे इकडे राव. माणूस एकच,
वय एकाहत्तर, मोटरसायकल त्याहून थकलेली.)
‘पोरी, दोन्या पेत्रोनिलाचं इन्सुलिन घेऊन उभा आहे,
तुझं यंत्र म्हणतं, सापडलं नाही.’
‘पत्ता काय टाकलात?’
‘सिंहाचं चित्र होतं त्या थिएटरपासून एक चौक खाली.’
‘ते थिएटर नाहीये हो.’
‘नाहीच. म्हणून तर सगळ्यांना माहीत आहे.’

मग ते सांगत जातात, ती लिहीत जाते:
सोड्याची बाटली रंगवलेली भिंत,
शिंप्याचं दुकान, जे नंतर बँक झालं, नंतर काहीच नाही,
बर्फाचा कारखाना.
नसलेल्या प्रत्येक जागेला एक ओळ,
ओळीपुढे असलेली जागा,
आणि मध्ये आकडा, तीनशे एक:
कायमचं हललं.

‘कायमचं म्हणजे?’
‘म्हणजे ब्राउझर मनात धरतो.
एकदा सांगितलं की जुन्या दाराशी
पुन्हा विचारायलासुद्धा जात नाही.’
पलीकडे इंजिन बंद पडल्यासारखी शांतता.
‘बर्फाच्या कारखान्याला तसं नको लावू.
त्याच्यापासून अर्ध्या चौकावर मी राहतो.
मार्लिंग कोस्टा रिकाला गेली तेव्हा
हाच पत्ता पाठ करून गेली.
नऊ वर्षांची होती.’

याओस्का काही बोलत नाही.
एकावर बोट नेते, खोडते,
दोन करते.
तीनशे दोन: सध्यापुरतं.
सध्यापुरतं असलं की तो
दरवेळी जुन्या दाराशी येतो,
दरवेळी विचारतो,
कितीही वर्षं.

सर्व्हर पुन्हा सुरू होतो.
दोनशे. सापडलं.
‘निघतो,’ दोन एलिओदोरो म्हणतात,
‘डब्यातला बर्फ पाणी होतोय.’

फाइल बंद करण्याआधी ती त्या ओळीवर
एक टीप टाकते, मागून येणाऱ्यासाठी:
हे दुरुस्त करू नका.
का, ते विचारायचं असेल तर
झाड होतं तिथून दोन चौक तळ्याकडे या,
आणि कुणालाही विचारा.